डनलपने टायर दिला, पण पंक्चर काढणे कोणामुळे शक्य झाले?

थ्रेड. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस नाणेघाटातील सातवाहनकालीन लेख पाहण्यास निघालो होतो. जुन्नर मागे पडले आणि काकांच्या जुन्या मोटारसायकलीच्या मागच्या चाकात खिळा शिरला. दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख गाठण्याची घाई असलेल्या मला रस्त्याकडेच्या दुकानात तासभर बसावे लागले. त्या तासात जे पाहिले, त्याचा इतिहास नंतर शोधत गेलो. तो येथे मांडतो.

प्रारंभी मी अडाण्यासारखे विचारले, "मामा, चाक न उतरवता बाहेरूनच स्ट्रिप नाही का मारता येणार?" मामा हसले. "तारांचं चाक आहे पाव्हणं. ह्यात ट्यूब असती."

तारांचे चाक आणि ट्यूब यांचा संबंध काय, हे समजून घेण्यासाठी आधी बैलगाडीचे चाक डोळ्यांसमोर आणा. त्याचा खालचा लाकडी आरा खांबासारखा उभा राहून भार पेलतो. तारेला खांब होता येत नाही. दाबली की ती वाकते. तिला केवळ ओढणे जमते. म्हणून तारांच्या चाकात सर्व तारा आधीच ताणून ठेवलेल्या असतात आणि भार आला की खालच्या तारांचा ताण तेवढा कमी होतो. जॉर्ज केली यांनी १८०८ साली उडत्या यंत्रासाठी अशा चाकाची कल्पना टिपून ठेवली होती. पॅरिसच्या युजीन मेयर यांनी १८६९ मध्ये तारांच्या चाकाचे पेटंट घेतले. जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये तारा तुंब्यापासून सरळ न काढता तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बसवल्या. मोटारसायकलीने हे चाक सायकलीकडून उचलले.

आता तार ताणायची, तर रिमला छिद्र पाडून तिचे टोक निपलने आवळावे लागते. अशी छत्तीस-चाळीस छिद्रे असलेल्या रिममध्ये हवा कोंडून राहणार कशी? (रिमच्या कडेला तारा अडकवून ट्यूबलेस केलेली चाकेही आता मिळतात, पण काकांची गाडी त्या पिढीतली नव्हे.) म्हणून ट्यूब आली आणि ट्यूब आली म्हणजे टायर उघडणे आले.

टायर उघडणे हाच या इतिहासातील खरा पेच आहे. डनलप यांची कथा सर्वांस ठाऊक असते: बेलफास्टमधील पशुवैद्य, मुलाची तीनचाकी सायकल, १८८८ चे पेटंट. त्यांच्या आधी, १८४५ साली, रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश तंत्रज्ञाने हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतलेले होते, आणि त्यामुळेच पुढे डनलप यांचे पेटंट टिकले नाही, हेही आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. परंतु डनलप यांचा टायर पंक्चर झाल्यावर काय होत असे, हे फारसे कोणी सांगत नाही. तो रिमला कापड गुंडाळून चिकटवलेला असे. १८८९ मध्ये फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ येथे मिशेलिन बंधूंच्या कारखान्यात एक सायकलस्वार असा टायर घेऊन आला. दुरुस्तीस तीन तास लागले, शिवाय डिंक वाळण्यासाठी रात्रभर थांबावे लागले. त्यातूनच एदुआर मिशेलिन सुट्या होणाऱ्या टायरच्या मागे लागले. १८९१ मध्ये शार्ल तेराँ याने तो टायर लावून पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत जिंकली.

तथापि मामांच्या हातात मला जी युक्ती दिसली, ती मिशेलिनची नव्हे. वॉल्व्हची नळी फिरवून (हा वॉल्व्ह न्यूयॉर्कच्या ऑगस्ट श्रेडर यांचा, पेटंट १८९३) त्यांनी हवा सोडली आणि चाक आडवे टाकून टायरच्या कडेवर पाय दिला. कड सुटली. वॉल्व्हच्या समोरच्या बाजूला गुडघा रोवून ते म्हणाले, "हितं खाली दाबल्याशिवाय तिकडं निघत नाही. जोर लावून उपयोग नाही."

का निघत नाही? टायरच्या कडेत पोलादी तारेचे कडे असते. ते ताणले जात नाही आणि त्याचा घेर रिमच्या काठापेक्षा लहान असतो. लहान कडे मोठ्या काठावरून बाहेर यावे कसे? उत्तर रिमच्या मधोमध असलेल्या खोलगट खाचेत आहे. एका बाजूची कड खाचेत उतरली की विरुद्ध बाजूला तेवढीच ढील मिळते आणि साध्या पट्टीने टायर काठावरून उचलता येतो. न ताणले जाणारे कडे आणि खोलगट रिम यांचे पेटंट चार्ल्स वेल्श यांनी १८९० साली घेतले. त्याच वर्षी एडिंबरोत विल्यम बार्टलेट यांनी रिमच्या आकड्यात अडकणाऱ्या कडेचे पेटंट घेतले. दोन्ही पेटंटे डनलपच्या कंपनीने विकत घेतली. मोटारसायकलींवर प्रथम बार्टलेटची पद्धत चालली. १९२० च्या दशकात वेल्शची तारेची कड तिच्या जागी आली, ती आजतागायत आहे. माझ्या मते मोटारसायकलच्या चाकावर डनलपइतकाच वेल्श यांचाही हक्क आहे. नाव मात्र एकाचेच उरले.

मामांनी ट्यूब पाण्याच्या घमेल्यात फिरवली. बुडबुडे आले तेथे खूण केली, कानशीने घासले, सोल्युशन लावले आणि ते सुकेपर्यंत विडी ओढली.

त्या काळ्या ट्यूबकडे पाहताना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १८९० नंतर हवेचे टायर घराघरांत पोहोचले तेव्हा रबर मळ्यांत नव्हे, मुख्यतः ॲमेझॉन आणि कांगोच्या जंगलांत गोळा होत असे. कांगो हा १८८५ पासून बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खासगी सत्तेखालील प्रदेश होता. गावागावांवर रबराचा सक्तीचा वाटा लादला गेला. तो न भरल्यास ओलीस धरणे, फटके, हात तोडणे. ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंट यांचा अहवाल १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९०८ मध्ये राजाला कांगो सोडावा लागला. मुलाची तीनचाकी सायकल आणि हे तुटलेले हात एकाच दोन दशकांतले आहेत, पण एकाच पानावर ते मला क्वचितच भेटले.

पॅच बसला. ट्यूब आत घालण्यापूर्वी मामांनी रिमवरची रबरी पट्टी सारखी केली, कारण निपलचे एखादे टोक वर आलेले असेल तर ट्यूब आतूनच फाटते. मग टायरच्या आत बोटे फिरवली. खिळा तर केव्हाच काढला होता. तरीही बोट एके ठिकाणी थांबले आणि पकडीने त्यांनी बाभळीचा एक बारीक काटा बाहेर ओढला. "ह्यो राहिला असता," तो माझ्या तळहातावर ठेवत ते म्हणाले, "तर घाटाच्या तोंडाशी परत बसला असता."