‘आठ फुटी’ स्वर : चर्चमधील ऑर्गन आणि त्याची जागा घेणारी वाद्ये

हैदराबाद कंटिंजंटच्या ठाण्यामुळे नावारूपास आलेली औरंगाबादची (आजचे छत्रपती संभाजीनगर) छावणी, किंवा दख्खनमधील तिच्यासारखी अन्य लष्करी वसाहत अभ्यासताना चर्चच्या दप्तरात ‘ऑर्गन’ हा शब्द आढळला, तर त्यावरून वाद्याचा प्रकार निश्चित होत नाही. या एकाच नावाखाली निरनिराळ्या जातींची वाद्ये नांदली आहेत.

मूळ ऑर्गन नळ्यांचा. त्याच्या तपशीलयादीत प्रत्येक स्टॉपपुढे फुटांचा आकडा असतो. ‘ओपन डायापेसन, ८ फूट’ याचा अर्थ असा की, त्या मालिकेतील सर्वांत खालच्या षड्जाची उघडी नळी सुमारे आठ फूट लांब असते. ‘४ फूट’ म्हणजे एक सप्तक वर, ‘१६ फूट’ म्हणजे एक सप्तक खाली. तोंड बंद केलेली नळी मात्र निम्म्या लांबीतच तो स्वर देते. अर्थात, हा आकडा मुळात प्रत्यक्ष मापाचा होता.

नळीचा स्वर तिच्यातील हवेवर अवलंबून असतो. तापमान २० अंशांवरून ४० अंशांवर गेले, तर तो अर्ध्या स्वरांतराच्या निम्म्याहून किंचित अधिक चढतो. त्याच वाद्यातील जिभेच्या नळ्या त्या प्रमाणात चढत नाहीत. परिणामी उन्हाळ्यात दोहोंचा मेळ बिघडतो. शिवाय कोरड्या हवेत लाकूड तडकते, भात्याचे कातडे कडक होते.

१८४० च्या दशकात पॅरिसच्या आलेक्सांद्र दबँ याने हार्मोनियमचे पेटंट घेतले. त्यात नळ्यांऐवजी पितळी सूर होते. पुढे अमेरिकन कारखान्यांनी हवा आत ओढून वाजणारे ऑर्गन प्रचंड संख्येने बनविले. एकट्या एस्टी कंपनीची निर्मिती पाच लाखांवर गेली. स्वस्त, हलविता येणारी व उष्म्याला सहसा न बधणारी ही वाद्ये लहान चर्चना सोयीची ठरली. मराठी संगीत रंगभूमीवर गंधर्व नाटक मंडळीच्या (स्थापना १९१३) काळात गाजलेला पायभात्याचा ऑर्गन याच कुळातला.

परंतु नव्या वाद्यांनी जुनी नावे टाकली नाहीत. बोटभर सुराच्या स्टॉपवरही ‘डायापेसन, ८ फूट’ असेच लिहिले गेले. १९३५ मध्ये आलेल्या हॅमंडच्या विद्युत् ऑर्गनमध्ये तर नळीही नाही आणि सूरही नाही. तरी त्याच्या सरकपट्ट्यांवर फुटांचेच आकडे आहेत. माप गेले, आकडा राहिला.

म्हणूनच केवळ स्टॉपची यादी पाहून एखाद्या चर्चमध्ये नळ्यांचा ऑर्गन होता, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. भाता हलविणाऱ्या माणसाचा पगार, नळ्या लावण्याचा व दुरुस्तीचा खर्च, वाद्यासाठी राखलेली उंच जागा, हे पुरावे अधिक बोलके होत. त्यांतला एकही एकटा निर्णायक नाही, कारण मोठ्या सुरांच्या ऑर्गनलाही कधी वेगळा भातेवाला लागे. पण ते एकत्र जुळले, तर जिथे आज विद्युत् वाद्य उभे आहे तिथे पूर्वी काय वाजत होते, हे सांगता येते.