बासेंजी

बासेंजी : मध्य आफ्रिकेतील काँगो नदीच्या खोऱ्यात आढळणारी, लहान चणीच्या शिकारी कुत्र्यांची प्राचीन जात. न भुंकणारा कुत्रा अशी याची ख्याती असली, तरी हा मुका नव्हे. गुरगुरणे, विव्हळणे आणि आनंदाच्या भरात आलापासारखा चढता-उतरता स्वर काढणे त्याला अवगत असून एकसारखे भुंकत राहणे तेवढे त्याच्या प्रकृतीत नाही.

नराची खांद्यापाशी उंची सु. ४३ सेंमी. व वजन सु. ११ किग्रॅ. असते, मादी किंचित लहान असते. ताठ कान, कपाळावरील सुरकुत्या, पाठीवर घट्ट वळलेली शेपटी व आखूड, तुळतुळीत केस ही याची मुख्य लक्षणे होत. रंग तांबूस, काळा-पांढरा, तिरंगी वा पट्टेरी असतो. मांजराप्रमाणे अंग चाटून स्वच्छ ठेवण्याची याला सवय असते. मादी सामान्यतः वर्षातून एकदाच माजावर येते.

दृष्टी व घ्राण या दोहोंच्या आधारे शिकार करणारा हा कुत्रा पारध्यांनी लावलेल्या जाळ्यांकडे सावज हाकून नेतो. परंतु दाट झाडोऱ्यात तो दिसत नाही आणि भुंकून आपला ठावठिकाणाही कळवीत नाही, म्हणून त्याच्या गळ्यात लाकडी घंटा बांधण्याचा प्रघात पडला. वनस्पतिशास्त्रज्ञ गेओर्ग श्वाइनफुर्ट यांनी १८७० च्या सुमारास आझांदे लोकांच्या मुलखात असेच घंटाधारी कुत्रे पाहून त्यांचे वर्णन नमूद केले आहे.

१८९५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये आणलेले कुत्रे डिस्टेंपरने दगावले. पुढे ऑलिव्हिया बर्न यांनी आणलेले कुत्रे १९३७ मध्ये लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात दाखल झाले, तेव्हा त्यांना पाहण्यास लोकांची झुंबड उडाली. अमेरिकन केनेल क्लबनेही १९४३ मध्ये या जातीस मान्यता दिली.

मात्र पाश्चात्त्य देशांतील पैदास मोजक्याच पूर्वजांपासून झाल्यामुळे आनुवंशिक दोष बळावले. त्यांपैकी फॅन्कोनी विकारात मूत्रपिंडे आवश्यक द्रव्ये राखून न ठेवता मूत्रावाटे बाहेर टाकतात. यावर उपाय म्हणून अमेरिकेतील वंशावळीचे दप्तर १९९० मध्ये पुन्हा खुले करून आफ्रिकेतून नव्याने आणलेल्या कुत्र्यांची त्यात नोंद करण्यात आली. या विकाराची जनुकीय चाचणीही आता उपलब्ध असून पैदाशीसाठी जोडी निवडण्यापूर्वी ती करून घेणे इष्ट असते.