ग्रॅम-रुडमन-हॉलिंग्ज कायदा : तुटीला कायद्याने बांधण्याचा एक प्रयोग

राज्याच्या वार्षिक आयव्ययाला मराठीत 'अंदाजपत्रक' व 'अर्थसंकल्प' अशी दोन नावे आहेत. पहिल्या नावात येणाऱ्या जमेचे व होणाऱ्या खर्चाचे अनुमान अभिप्रेत आहे, तर दुसऱ्यात तो व्यवहार अमुक प्रकारे करण्याचा निश्चय. वर्ष सरल्यावर जे प्रत्यक्ष घडलेले दिसते तो 'जमाखर्च'. तो या दोहोंहून भिन्न. एरवी हा भेद दुर्लक्षिला तरी फारसे बिघडत नाही. परंतु तूट नाहीशी करण्याची आज्ञा जेव्हा कायदाच देतो, तेव्हा ती आज्ञा अनुमानाला आहे, निश्चयाला आहे, की प्रत्यक्ष जमाखर्चाला, हा प्रश्न निर्णायक ठरतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९८५ साली संमत झालेल्या ग्रॅम-रुडमन-हॉलिंग्ज कायद्याचा इतिहास हा बव्हंशी या प्रश्नाचाच इतिहास होय.

या कायद्याची पार्श्वभूमी ध्यानात घेणे अवश्य आहे. काँग्रेसने मंजूर केलेला पैसा खर्च न करता अडवून धरण्याचा मार्ग राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी मोठ्या प्रमाणावर अवलंबिला होता. त्यास प्रतिबंध म्हणून काँग्रेसने १९७४ साली कायदा करून या बाबतीतील सूत्रे आपल्या हाती घेतली व स्वतंत्रपणे अंदाज बांधण्यासाठी स्वतःचे अर्थसंकल्प कार्यालय स्थापिले. पुढे रेगन यांच्या कारकीर्दीत १९८१ साली करांत मोठी कपात झाली, संरक्षणाचा खर्च वाढत गेला आणि त्याच सुमारास मंदीही आली. १९८१ च्या आर्थिक वर्षात सुमारे ७९ अब्ज डॉलर असलेली तूट १९८५ मध्ये २१२ अब्जांवर गेली. करवाढ राष्ट्राध्यक्षांना मान्य नव्हती. समाजकल्याणाचा खर्च तोडणे प्रतिनिधिगृहातील डेमोक्रॅटिक बहुमताला मान्य नव्हते. अशा स्थितीत राष्ट्रीय कर्जाची मर्यादा दोन हजार अब्ज डॉलरच्या पलीकडे नेणारे विधेयक विचारार्थ आले. रिपब्लिकन पक्षाचे सीनेटर फिल ग्रॅम व वॉरन रुडमन आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे सीनेटर अर्नेस्ट हॉलिंग्ज यांनी आपली योजना त्याच विधेयकाला जोडली. १२ डिसेंबर १९८५ रोजी त्यावर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली.

योजनेचे स्वरूप वरकरणी अत्यंत सरळ होते. १९८६ साठी १७१.९ अब्ज, १९८७ साठी १४४ अब्ज, आणि त्यानंतर प्रतिवर्षी ३६ अब्ज कमी करीत १९९१ साली शून्य, अशा तुटीच्या मर्यादा कायद्यातच नमूद केल्या होत्या. वर्षारंभीच्या अंदाजानुसार तूट मर्यादेहून पुष्कळ अधिक होणार असे दिसल्यास खर्चात आपोआप कपात व्हावयाची होती. तिचा निम्मा भार संरक्षणावर व निम्मा इतर खर्चावर पडावयाचा होता. या कपातीला 'सीक्वेस्ट्रेशन' ही संज्ञा देण्यात आली. न्यायालयीन परिभाषेत तिचा मूळ अर्थ मालमत्ता ताब्यात घेणे, आपल्याकडील 'जप्ती'च्या जवळचा. मात्र सामाजिक सुरक्षा निवृत्तिवेतन, कर्जावरील व्याज आणि दरिद्री वर्गासाठी असलेले काही कार्यक्रम या जप्तीतून वगळले होते. परिणामी मोठे खर्च बाहेर राहिले आणि उरलेल्या लहान क्षेत्रावर सगळा भार आला. ही कपात प्रत्यक्षात करावी लागू नये, तिच्या भयानेच दोन्ही पक्षांनी तडजोडीस यावे, अशी कर्त्यांची अपेक्षा होती.

पहिली अडचण संविधानाच्या बाजूने आली. कपातीचे अंतिम आकडे ठरवण्याचे काम कायद्याने कंट्रोलर जनरल या अधिकाऱ्याकडे सोपविले होते. या अधिकाऱ्याची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करीत असले, तरी त्याला पदच्युत करण्याची प्रक्रिया काँग्रेसच्या हाती होती. ओक्लाहोमाचे प्रतिनिधी माइक सिनार यांनी याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. दरम्यान १ मार्च १९८६ रोजी ११.७ अब्ज डॉलरची पहिली कपात अमलात आली. ७ जुलै १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निर्णय दिला. कायद्याची अंमलबजावणी हे कार्यकारी सत्तेचे काम असून, ज्याला काँग्रेस दूर करू शकते अशा अधिकाऱ्याकडे ते सोपविणे सत्ताविभाजनाच्या तत्त्वाशी विसंगत आहे, असा त्याचा आशय होता. अप्रिय निर्णयाचे उत्तरदायित्व तिऱ्हाइताकडे देण्याचा मार्ग येथे बंद झाला.

सप्टेंबर १९८७ मध्ये दुरुस्त कायदा संमत झाला व हे काम राष्ट्राध्यक्षांच्या अखत्यारीतील व्यवस्थापन व अर्थसंकल्प कार्यालयाकडे गेले. त्याचबरोबर शून्य तुटीचे वर्ष १९९१ वरून १९९३ वर ढकलण्यात आले. १९८८ ची मर्यादा १०८ वरून १४४ अब्ज झाली.

तथापि कायद्याचे खरे वैगुण्य याहून खोल होते. मर्यादेची तुलना वर्षारंभीच्या अंदाजाशी एकदाच करावयाची होती. पुढे प्रत्यक्षात काय झाले हे तपासण्याची तरतूद नव्हती. म्हणजे आज्ञा जमाखर्चाला नव्हती, अंदाजाला होती. आणि अंदाज आज्ञाधारक असतो. आर्थिक वाढ अधिक व व्याजाचे दर कमी गृहीत धरले की आकडा आपोआप मर्यादेत बसे. सैन्याच्या वेतनाचा दिवस एका आर्थिक वर्षातून दुसऱ्यात सरकवण्यात आला. १९८७ साली कॉनरेल ही सरकारी रेल्वे विकून आलेली रक्कम त्या वर्षाच्या जमेत धरली गेली. पण मालमत्ता एकदाच विकता येते. १९८९ साली बुडालेल्या बचतसंस्था सावरताना सुमारे ३० अब्ज डॉलरची उभारणी हिशेबाबाहेर ठेवलेल्या महामंडळामार्फत करण्यात आली. परिणाम आकड्यांत स्पष्ट दिसतो. १९८६ साली मर्यादा १७१.९ अब्ज असता तूट २२१ अब्ज झाली. १९८९ साली १३६ अब्जांच्या जागी सुमारे १५३, आणि १९९० साली १०० अब्जांच्या जागी पुन्हा २२१ अब्ज झाली.

१९९० साली मंदीची चाहूल लागताच हा डोलारा कोसळला. नियमानुसार पुढील वर्षी ८० अब्ज डॉलरहून अधिक कपात करावी लागणार असे दिसू लागले, आणि ती करण्याचे धैर्य कोणत्याच पक्षापाशी नव्हते. करवाढ न करण्याचे अभिवचन देऊन निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष बुश यांना ते मोडावे लागले. ५ नोव्हेंबर १९९० च्या नव्या कायद्याने दृष्टीच बदलली. काँग्रेस दरवर्षी मंजूर करते त्या खर्चाला वरची मर्यादा घालण्यात आली. आणि नवी करकपात किंवा हक्काच्या लाभांतील नवी वाढ करावयाची तर तिची भरपाई अन्यत्र दाखवावी, असा नियम झाला. मंदीमुळे वाढलेल्या तुटीचा दोष आता विधिमंडळावर येत नव्हता; त्याने स्वतः केलेल्या कायद्याचा हिशेब मात्र त्याला द्यावा लागत होता. १९९८ साली ६९ अब्जांची शिल्लक पडली व शिलकीची वर्षे २००१ पर्यंत टिकली. याचे सर्व श्रेय या नियमांना देता येणार नाही; १९९३ ची करवाढ, संरक्षणखर्चातील घट व भरभराटीमुळे वाढलेले करोत्पन्न यांचाही वाटा मोठा आहे. परंतु हे नियम पाळता येण्याजोगे होते, एवढे निश्चित.

इतका अनुभव गाठीशी असूनही २०११ साली, पुन्हा कर्जमर्यादेच्याच वादातून, जुनी कल्पना नव्या वेषात परतली. बारा सभासदांच्या संयुक्त समितीने तूट कमी करण्याचा मार्ग न काढल्यास आपोआप कपात होईल, असे ठरले. समितीचे एकमत झाले नाही आणि १ मार्च २०१३ रोजी सुमारे ८५ अब्ज डॉलरच्या कपातीला आरंभ झाला. ज्या भयावर योजना उभी होती, त्याचा परिणाम या वेळीही झाला नाही. कपातीमुळे विमानवाहतूक नियंत्रकांना बिनपगारी रजा द्यावी लागून विमाने खोळंबू लागली, तेव्हा काँग्रेसने आठवड्याच्या आत कायदा करून ती अडचण दूर केली. गरीब कुटुंबांतील बालकांच्या 'हेड स्टार्ट' शाळांतील सुमारे ५७ हजार जागा त्याच कपातीने गेल्या. त्यांच्यासाठी अशी त्वरा झाली नाही.

कपात सर्वांना सारख्या प्रमाणात, म्हणून ती निःपक्षपाती, असा युक्तिवाद अशा कायद्यांच्या समर्थनार्थ केला जातो. वरील इतिहास तो खोटा ठरवितो. काय वगळावे हे कायदा करतानाच ठरलेले असते, आणि काय वाचवावे हे नंतर ज्याचा आवाज पोहोचतो त्याच्या बाजूने ठरते. खर्चाला आवर घालणे आवश्यक असेल, तर कोणता खर्च व कोणासाठीचा, हे नाव घेऊन सांगावे लागते. तेवढे टाळण्यासाठी केलेला कायदा अंदाजपत्रकाला शिस्त लावतो. अर्थसंकल्प करण्याचे काम मागे उरतेच.