तळटीप ३ : ‘मौतवाले आता गायला लागले’

पिपलानी ही भोपाळमधली ‘भेल’ कारखान्याची वसाहत. तिथल्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या पुतण्याने मारलेला हा टोमणा ‘भयानक मौत’ या मुंबईच्या मेटल बँडला उद्देशून आहे. बँड २००३चा, नाव अस्सल हिंदी भयपटाला शोभेलसं, गाणी मात्र बहुतेक इंग्रजी. २००९ साली बँडच्याच नावाने आलेल्या आल्बममध्ये सुनीथ रेवणकर आणि विनय वेंकटेश हे दोन गायक. एकाचं गुरगुरणं संपतं न संपतं तोच दुसऱ्याचं किंचाळणं, आणि खाली दोन्ही पायांनी बडवलेला बास ड्रम. शब्द कळावेत अशी तिथे कुणाची अपेक्षाही नसते. २०१४च्या ‘मॅन’मध्ये मधूनच मोकळ्या गळ्याने, सुरात गायलेल्या ओळी येतात आणि गिटारलाही रेंगाळायला जागा मिळते. पुतण्याचा राग आहे तो एवढ्यावरच. जडपणा सोडलेला नाही, हे तो सोयीस्करपणे विसरतो. (लेखकानेही त्याला टोकलेलं नाही.)

मेटलच्या चाहत्यांची ही कुरकुर जुनीच. मेटॅलिकाने १९९१ साली निर्माता बॉब रॉकला सोबत घेऊन गाणी आखूड आणि संथ केली, तेव्हाही ‘विकले गेले’ अशी ओरड झाली होती. तोच त्यांचा सर्वाधिक खपलेला आल्बम ठरला.

मेटल कधीच न ऐकलेल्या वाचकाने सुरुवात ‘मॅन’पासून करावी, २००९चा आल्बम त्यानंतर.
— संपादक