थॉमस चषक : सांगली ते बँकॉक

१५ मे २०२२ रोजी बँकॉकमध्ये भारताच्या पुरुष बॅडमिंटन संघाने इंडोनेशियाला ३-० असे हरवले आणि थॉमस चषक पहिल्यांदा भारतात आला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर फोटो आले, आठवडाभर कौतुक झाले आणि मग विषय मागे पडला. या विजयामागे सत्तर वर्षांची वाट आहे. त्या वाटेवर बेळगावच्या शेजारच्या सांगलीतला एक मोठा खेळाडू उभा आहे, म्हणून ती हकिगत इथे सांगावीशी वाटते.

बॅडमिंटनचे आणि पुण्याचे नाते जुने आहे. पुण्याच्या लष्करी छावणीतले इंग्रज अधिकारी हा खेळ आवडीने खेळत. तेव्हा त्याला ‘पूना’ असेच म्हणत. १८७० च्या दशकात नियमांची पहिली बांधणी तिथेच झाली. पुढे अधिकाऱ्यांबरोबर खेळ इंग्लंडला गेला आणि तिथल्या ‘बॅडमिंटन’ नावाच्या वाड्यावरून त्याला आजचे नाव मिळाले. १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन महासंघ स्थापन झाला. त्याचे पहिले अध्यक्ष सर जॉर्ज थॉमस.

हा माणूस मोठा विलक्षण. ऑल इंग्लंड स्पर्धेत त्यांनी एकूण २१ विजेतेपदे मिळवली. शिवाय ते बुद्धिबळातही दोनदा इंग्लंडचे विजेते होते. हेस्टिंग्जच्या १९३४-३५ च्या स्पर्धेत त्यांनी कापाब्लांका आणि बोटविनिक या दोघांनाही हरवले होते. टेनिसमध्ये देशादेशांच्या संघांसाठी डेव्हिस चषक आहे, तसे बॅडमिंटनमध्येही काही हवे, ही कल्पना त्यांची. १९३९ मध्ये त्यांनी त्यासाठी चषक दिला, पण महायुद्ध सुरू झाले आणि पहिली स्पर्धा १९४८-४९ पर्यंत लांबली. इंग्लंडमधील प्रेस्टन येथे झालेल्या अंतिम लढतीत मलायाने डेन्मार्कचा ८-१ असा धुव्वा उडवला. इंग्रजांच्या अमलाखालच्या एका वसाहतीने इंग्रजांच्या खेळातला सर्वांत मोठा सांघिक चषक पहिल्याच वेळी उचलला!

सुरुवातीला स्पर्धा दर तीन वर्षांनी होई. प्रत्येक लढतीत नऊ सामने असत, पाच एकेरीचे आणि चार दुहेरीचे. गतविजेता संघ फक्त अंतिम लढत खेळे, बाकीच्यांनी आपसांत झुंजून त्याच्यापर्यंत पोहोचायचे. मलायाने १९४९, १९५२ आणि १९५५ असे सलग तीनदा चषक राखला. १९५८ मध्ये इंडोनेशियाने तो हिसकावला आणि पुढची दोन दशके बहुतेक वेळा आपल्याकडेच ठेवला. १९८२ मध्ये चीन आला. १९८४ पासून स्पर्धा दर दोन वर्षांनी होऊ लागली आणि सामने पाच झाले, तीन एकेरी आणि दोन दुहेरी.

आपण या सगळ्यात कुठे होतो? फार जवळ होतो. १९५२ मध्ये भारताने डेन्मार्कला ६-३ असे हरवले. मलायाशी अंतिम लढत कोणी खेळायची हे ठरवणाऱ्या लढतीत मात्र अमेरिकेकडून ५-४ अशी हार झाली. एक सामना इकडचा तिकडे झाला असता तर भारत अंतिम लढतीत असता. १९५५ मध्ये अमेरिकेला ६-३ असे हरवून हिशेब चुकता केला, पण त्याच फरकाने डेन्मार्कने आपल्याला अडवले.

या काळातले मोठे नाव म्हणजे नंदू नाटेकर. जन्म १२ मे १९३३, सांगली. आधी टेनिस खेळत. कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरले आणि बॅडमिंटनकडे वळले. १९५६ मध्ये त्यांनी मलायातील सेलांगोर स्पर्धा जिंकली. परदेशात बॅडमिंटनचे विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाले, तेव्हा बॅडमिंटनसाठीचा पहिला मान त्यांचाच. १९५१ ते १९६३ या काळात थॉमस चषकात त्यांनी एकेरीचे १६ पैकी १२ सामने जिंकले आणि दुहेरीचे १६ पैकी ८. हे आकडे नीट पाहावेत. त्या एकेरीच्या कामगिरीवर कोणताही देश खूश झाला असता. पण चषकाला एकट्याचे बारा विजय पुरत नाहीत. लढत जिंकायला नऊपैकी पाच सामने लागत आणि तेवढी खोली आपल्या संघात नव्हती.

हेच पुढेही घडले. १९७९ मध्ये कर्नाटकाच्या प्रकाश पदुकोण यांच्या काळात आपण पुन्हा उपान्त्य फेरी गाठली, तिथे डेन्मार्कने रोखले. पुढच्याच वर्षी प्रकाश ऑल इंग्लंड विजेते झाले. खेळाडू जगज्जेत्यांच्या तोडीचा, संघ मात्र अपुरा. त्यानंतर उपान्त्य फेरीसाठी थेट २०२२ उजाडावे लागले.

२०२२ मध्ये काय बदलले होते? उपान्त्यपूर्व फेरीत मलेशिया समोर होता. लक्ष्य सेन पहिलाच सामना हरला. सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि आपला मुंबईचा चिराग शेट्टी या जोडीने बरोबरी साधली, श्रीकांतने आघाडी दिली, दुसरी जोडी हरली आणि शेवटच्या सामन्यात प्रणॉय जिंकला. ३-२. पुढे डेन्मार्कविरुद्धही हुबेहूब हेच. लक्ष्य हरला, पण संघ हरला नाही. त्या दिवशी कोर्टवर घसरून पाय दुखावला असतानाही प्रणॉयने निर्णायक सामना ओढून आणला. अंतिम लढतीत, १४ वेळा चषक जिंकलेल्या इंडोनेशियासमोर, पहिला गेम ८-२१ असा गमावूनही लक्ष्य जिंकला. सात्विक-चिरागनेही पहिला गेम गमावून सामना काढला आणि श्रीकांतने शेवट केला.

यातला कोणीही एकटा हा चषक आणू शकला नसता. घरोघरी आपण मुलांच्या हाती रॅकेट देतो ती बहुधा एकेरीचे स्वप्न पाहून. जोडीदार शोधणारे पालक थोडेच. नाटेकरांच्या पिढीत उणीव होती ती मोठ्या खेळाडूची नव्हती, त्याच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या चौघा-पाचांची होती. नाटेकर २८ जुलै २०२१ रोजी पुण्यात गेले. विजय दहा महिन्यांनी आला. मलेशियाविरुद्धची ती लढत झाली तो दिवस १२ मे, म्हणजे त्यांचा जन्मदिवस.

आणि ज्याने दोन्ही वेळा शेवटच्या सामन्यात संघ वाचवला, त्या प्रणॉयला अंतिम लढतीत कोर्टवर उतरावेच लागले नाही. त्याची पाळी येण्याआधीच चषक आपला झाला होता. सुवर्णपदक मात्र त्याच्याही गळ्यात तेच होते, आणि संघातल्या दहाही जणांच्या.