शत्रूच्या मुलांसाठी चित्रपुस्तके

लहान मुलांच्या मनात सद्भाव रुजवायचा तर गोष्ट सांगावी आणि शेवटी तात्पर्य जोडावे, ही आपल्याकडे इसापनीतीपासून रुळलेली रीत. चित्रपुस्तक हाती घेतानाही पालकांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो, की यातून मूल काय शिकेल? या प्रश्नाची दुसरी बाजू युद्धोत्तर जर्मनीतील एका प्रयत्नातून दिसते.

येला लेपमन (१८९१–१९७०) या श्टुटगार्टच्या ज्यू पत्रकार. नात्झी राजवटीमुळे देश सोडावा लागलेल्या लेपमन १९४५ साली परतल्या त्या अमेरिकी लष्कराच्या गणवेशात, स्त्रिया व मुले यांच्या प्रश्नांवरील सल्लागार म्हणून. शहरे उद्ध्वस्त झाली होती, अन्नाची टंचाई होती आणि एक पिढी नात्झी प्रचारावर वाढलेली होती. मुलांना अन्नवस्त्राइतकीच पुस्तकेही हवीत, असे म्हणून त्यांनी अनेक देशांना पत्रे लिहिली. जर्मन मुलांना परकीय भाषा येणार नाहीत, पण चित्रे कळतील. म्हणून भर चित्रपुस्तकांवर होता.

बेल्जियमने प्रथम नकार दिला. १९१४ आणि १९४० अशी दोन आक्रमणे सोसलेल्या देशाचा हा नकार समजण्यासारखाच होता. लेपमन यांनी फेरविचाराची विनंती केली. तिसरे आक्रमण टाळायचे असेल तर या मुलांना नवी सुरुवात करू द्यायला हवी, असा त्यांचा युक्तिवाद होता. बेल्जियमने पुस्तके पाठवली. जुलै १९४६ मध्ये म्युनिकच्या 'हाउस डेर कुन्स्ट'मध्ये प्रदर्शन भरले. ही वास्तू १९३७ साली नात्झींनी आपल्या कलेचे मंदिर म्हणून उघडली होती.

पुढे प्रदर्शन बर्लिनला गेले, तेव्हा लेपमन यांनी मन्रो लीफ यांच्या 'फर्डिनंड' (१९३६) या अमेरिकी चित्रपुस्तकाचे जर्मन भाषांतर केले. वृत्तपत्री कागदावर छापलेल्या त्याच्या ३०,००० प्रती मुलांना फुकट वाटल्या गेल्या. फर्डिनंड हा स्पेनमधला धिप्पाड बैल. त्याला झुंजीची हौस नाही. झाडाखाली बसून फुलांचा वास घेण्यात तो रमतो. माद्रिदच्या रिंगणात नेले तरी तो लढत नाही आणि अखेर त्याला घरी पाठवावे लागते. रॉबर्ट लॉसन यांच्या काळ्या-पांढऱ्या रेखाचित्रांतली ही गोष्ट तात्पर्य सांगत नाही. फर्डिनंड कोणाला वाचवत नाही, उपदेशही करत नाही. शौर्य म्हणजे झुंज, एवढेच ऐकत आलेल्या मुलांना न झुंजणारा नायक केवळ दाखवला गेला.

एखाद्या पुस्तकाने मूल दयाळू होते, हे सिद्ध करता येणे अवघड. त्या तीस हजार प्रतींनी काय घडवले, याचा हिशेब मांडता येणार नाही. परंतु या इतिहासात एक गोष्ट स्पष्ट दिसते. सद्भावाची परीक्षा येथे प्रथम मुलांना नव्हे, तर मोठ्यांना द्यावी लागली. ज्यू म्हणून परागंदा झालेली एक स्त्री आणि दोनदा तुडवला गेलेला एक देश यांनी शत्रूच्या मुलांसाठी हात पुढे केला. पुस्तकात काय लिहिले आहे याच्याइतकेच ते कोणी आणि का दिले, हेही मुलांपर्यंत पोहोचत असले पाहिजे.

याच संग्रहातून १९४९ साली म्युनिकला आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय उभे राहिले. ते आजही सुरू आहे. तात्पर्य शोधायचेच असेल, तर ते बेल्जियमने पाठवलेल्या त्या पुस्तकांच्या पेटीत शोधावे.