कोणत्या 'ब्लेड रनर'चा शेवट?

रिडली स्कॉट यांच्या 'ब्लेड रनर'ची चर्चा निघाली की ती बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते : नायक डेकार्ड माणूस आहे की रेप्लिकंट, म्हणजे कारखान्यात घडवलेला मानव? वर्गात विद्यार्थीही हाच प्रश्न विचारतात आणि 'बरोबर उत्तर' मागतात. अशा वेळी प्रतिप्रश्न करावासा वाटतो : आपण कोणत्या 'ब्लेड रनर'विषयी बोलत आहोत? या शेवटाची संदिग्धता एका लेखणीतून उतरलेली नाही. ती पाठभेदांतून घडत गेली आहे.

फिलिप के. डिक यांच्या १९६८ मधील कादंबरीवर आधारलेला हा चित्रपट जून १९८२ मध्ये प्रदर्शित झाला. त्याआधी मार्चमध्ये डेन्व्हर आणि डॅलस येथे झालेल्या चाचणी खेळांत प्रेक्षक गोंधळले. परिणामी नायकाच्या आवाजातील स्पष्टीकरणात्मक निवेदन घालण्यात आले आणि शेवटी डेकार्ड व रेचेल हिरव्या डोंगरांतून मोटारीने निघून जातात, असा सुखान्त जोडण्यात आला. त्यासाठी लागलेली डोंगरांची हवाई दृश्ये स्टॅन्ली कुब्रिक यांच्या 'द शायनिंग'साठी घेतलेल्या, पण न वापरलेल्या चित्रणातून आली. संपूर्ण चित्रपटभर पाऊस, धूर आणि निऑनच्या उजेडात बुडालेले, सिड मीड यांच्या कल्पनेतून आणि जॉर्डन क्रोनेनवेथ यांच्या प्रकाशयोजनेतून साकारलेले २०१९ चे लॉस एंजेलिस पाहिल्यानंतर हे उन्हातले डोंगर दुसऱ्याच चित्रपटातले वाटतात. अक्षरशः ते तसे होतेही.

१९९२ च्या आवृत्तीत निवेदन आणि सुखान्त दोन्ही वगळले गेले आणि डेकार्डला दिसणाऱ्या एकशिंगी घोड्याचे काही क्षणांचे स्वप्नदृश्य आत आले. या आवृत्तीवर दिग्दर्शकाचे नाव असले तरी ती मुख्यतः त्याच्या टिपणांवरून इतरांनी सिद्ध केली होती. पूर्णपणे त्याच्या अधिकारातील आवृत्ती २००७ मध्ये आली.

आता शेवटाकडे पाहू. घर सोडताना डेकार्डला दाराबाहेर चंदेरी कागदाचा एक छोटा एकशिंगी घोडा सापडतो. कागदाच्या अशा आकृत्या करण्याची सवय गॅफ या पोलिसाची. ही आकृती १९८२ च्या आवृत्तीतही होती. तेथे तिचा अर्थ सरळ होता : गॅफ येथे येऊन गेला आणि त्याने रेचेलला जिवंत सोडले. १९९२ नंतर तीच आकृती, तीच चौकट, पण अर्थ वेगळा. डेकार्डचे खाजगी स्वप्न गॅफला ठाऊक कसे? रेचेलच्या आठवणी जशा बाहेरून रुजवलेल्या, तसे हे स्वप्नही असेल काय? शेवटचे चित्र जराही बदललेले नाही. बदलले आहे ते त्याच्या कितीतरी आधीचे. संदर्भ बदलताच शब्दाचा अर्थ बदलतो, हे साहित्याच्या अभ्यासकाला निराळे सांगायला नको.

डेकार्ड रेप्लिकंटच आहे, असे स्कॉट यांनी २००० साली एका माहितीपटात सांगितले. भूमिका करणाऱ्या हॅरिसन फोर्ड यांनी चित्रीकरणाच्या वेळी तो माणूस असल्याचाच आग्रह धरला होता. लेखकाचे नंतरचे विधान हा संहितेचा भाग मानायचा का, हा आपल्या समीक्षेतला जुना वाद येथे पुन्हा उभा राहतो. माझ्या मते तो मानू नये, आणि याचे कारण केवळ तात्त्विक नाही. चित्रपटाचा नैतिक कळस गच्चीवर आहे. मृत्यूच्या दारात उभा असलेला रॉय आपल्या मारेकऱ्याला हात देऊन वर ओढतो. घडवलेला मानव येथे जन्मलेल्या माणसाला करुणा शिकवतो. डेकार्डही रेप्लिकंटच असल्याचे निश्चित झाले, तर या कृतीतली ती दरी आणि तिच्यावरून पुढे आलेला तो हात, दोन्हींचे मोल उणावते. उलट तो निश्चितपणे माणूस ठरला, तर आपण प्रेक्षक सुरक्षित अंतरावर बसून राहतो. दोन्ही शक्यता जिवंत असतात तोवरच प्रश्न आपल्यापर्यंत पोचतो.

म्हणूनच लिफ्टचे दार बंद होते आणि चित्रपट तिथेच संपतो, हे मला समर्पक वाटते. डेकार्ड त्या आकृतीकडे पाहून किंचित मान हलवतो. त्याला काहीतरी कळले आहे. काय कळले, ते दाराआड राहते. वर्गातही ते दार आपण उघडू नये.